बोर्ली पंचतनचा गाळा

रायगड जिल्ह्यात बोर्ली म्हटले की दोन गावे डोळ्यांपुढे येतात. मुरुड तालुक्यात रेवदंड्याच्या पुढे लागते ती बोर्ली मांडला, आणि श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरच्या अलीकडे लागते ती बोर्ली पंचतन. मुंबईहून निघणाऱ्याने तिकीट काढताना नाव पूर्ण सांगावे, नाहीतर दिवस फुकट जातो. माणगावचेही तसेच. १९२० च्या मार्चमध्ये ज्या माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांचा समाजाचा पुढारी म्हणून गौरव केला ते माणगाव कोल्हापूरकडचे. आपण बोर्लीसाठी उतरतो ते कोकण रेल्वेवरचे माणगाव. दिव्याहून सकाळी सुटणारी सावंतवाडी गाडी तिथे थांबते. स्टेशनबाहेरून एस.टी. किंवा सहा आसनी पकडून म्हसळा, आणि म्हसळ्याहून वळणावळणाने डोंगर उतरत बोर्ली.

या वेळी जाण्याचे कारण हवापालट नव्हते. माझी धाकटी बहीण आणि भावोजी मुंबईत राहतात. भावोजी महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले. हातात ग्रॅच्युइटी आणि फंड मिळून जे काही आले त्यातून धाकट्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या भाचीसाठी, बोर्लीच्या बाजारात गाळा घ्यावा असे त्यांच्या मनाने घेतले. भाचीला तिकडेच दिले आहे. शिवणकाम चांगले येते, शाळेचे गणवेश शिवते, ब्लाउज शिवते. घरातल्या ओटीवर मशीन आहे. पावसाळ्यात ओटीवर पाणी येते, आणि गिऱ्हाईक वाडीपर्यंत यायला कंटाळते. बाजारात दुकान असावे ही तिची इच्छा रास्तच आहे. भावोजींनी मला फोन केला, “तुम्ही एकदा जागा बघून या. कागदातले आम्हाला कळत नाही.” कागदातले मलाही वकिलाइतके कळत नाही. पण चाळीस वर्षे कारकुनी केल्यामुळे कुठला कागद मागायचा एवढे ठाऊक आहे.

बोर्ली ही मोठी पेठ नव्हे, पण आजूबाजूच्या गावांना तीच पेठ. दिवेआगर, कार्ले, शिस्ते, वडवली, आदगाव, वेळास, दिघी इथली माणसे औषधाला, खताला, कपड्याला, बँकेच्या कामाला बोर्लीलाच येतात. (हे वेळास कासवांच्या महोत्सवाचे नव्हे. ते खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात.) सकाळी रस्त्याच्या दोन्ही अंगांना मासळी, भाजी, बेकरी, हार्डवेअर, मोबाईल दुरुस्ती असे सगळे उघडलेले असते. कोळी बाया पाट्या घेऊन बसतात, मुसलमान मोहल्ल्यातली पोरे दुबईहून आलेल्या भावाच्या गाडीवरून फिरतात, कुणबी म्हातारे एस.टी.ची वाट बघत बसलेले असतात. दुपारी एकनंतर मात्र बाजार जांभई देतो. चारपर्यंत शटर अर्धे खाली.

ही विरळ वस्ती बाहेरच्या माणसाला लवकर उमगत नाही. गावात घरे खूप दिसतात, पण त्यातल्या कितीतरी घरांना कुलूप. माणसे मुंबईत, सुरतेला, आखातात. गणपतीला आणि मे महिन्यात सगळी दारे उघडतात, दिवे लागतात, आणि त्या पंधरा दिवसांत जो बाजार बघतो त्याला वाटते की इथे दुकान टाकले तर सोन्याचा धूर निघेल. गाळे विकणारे गिऱ्हाइकाला नेमके त्याच दिवसांत बोलावतात. मी मुद्दाम जुलैच्या मधल्या वाराला गेलो. पाऊस धो धो. ज्या गाळ्याची गोष्ट चालली होती त्याच्या समोरच्या चहाच्या टपरीत दोन तास बसून राहिलो. मेडिकलच्या दुकानात माणसांची ये-जा थांबत नव्हती. किराण्यात बऱ्यापैकी. कापड-कटलरीच्या दुकानात मात्र दोन तासांत शिरलेली माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एका बाईने फक्त छत्रीची काडी बदलून घेतली.

विकणाऱ्या गृहस्थाने भाव सांगितला आणि लगेच सांगायला सुरुवात केली, “पोर्ट येतंय. दोन वर्षांत इथं उभं राहायला जागा मिळणार नाही.”

दिघी बंदराचे हे बोलणे आता जुने झाले आहे. बोर्लीच्या उत्तरेला राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी दिघी आहे, समोर जंजिरा किल्ला आणि आगरदांडा. बंदर बांधणारी मूळ कंपनी कर्जात बुडाली, दिवाळखोरीच्या कायद्याखाली प्रकरण गेले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत अदानी समूहाने ते ७०५ कोटी रुपयांना घेतले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने देशात बारा औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यात दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचे नाव आहे. पण नावात दिघी असले तरी त्या क्षेत्राची जमीन दिघीच्या दारात नाही. ती डोंगरापलीकडे माणगाव-रोह्याच्या बाजूला आहे. रोह्याहून दिघीपर्यंत रेल्वे नेण्याचे बोलणेही कित्येक वर्षे चालले, रूळ काही पडले नाहीत. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात आगरदांडा ते दिघी असा खाडीवर पूल योजला आहे. पूल झाला की मुरुडची वाहने इकडे येतील हे खरे. ती बोर्लीच्या बाजारात थांबतील की सरळ दिवेआगरला जातील, हे आज कोण सांगणार? रस्ता रुंद होतो तेव्हा तो पुष्कळदा जुन्या पेठेला वळसा घालून जातो. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूर आणि माणगावच्या बाह्यवळणाचे काम वर्षानुवर्षे रखडले म्हणून तिथल्या दुकानदारांची सोय झाली, आणि प्रवाशांचे हाल झाले.

दिवेआगरच्या पर्यटकांवर मदार ठेवावी तर त्याचाही अनुभव गावाला आहे. १९९७ साली तिथे गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, गर्दी लोटली, घराघरात खोल्या निघाल्या. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा खून झाला, मुखवटा गेला आणि गर्दी ओसरली. मुखवटा परत येऊन बसायला २०२१ उजाडले. दरम्यान ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या वाड्या मुळासकट आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. रोठा सुपारीसाठी नावाजलेला हा टापू. सुपारीचे रोप लावले की फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. वाडीवाल्याच्या हातात पैसा नसला की बाजारातल्या शिंप्याच्या हातात तो कुठून येणार?

भावोजींना मी हिशेब असा मांडून दाखवला. समजा गाळा पंधरा लाखांचा. तसाच गाळा भाड्याने घेतला तर समजा महिना चार हजार. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे पंधरा लाख गुंतवून आपण वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांचे भाडे वाचवतो, शेकडा सव्वातीन रुपयेही नाही. तेच पंधरा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले तर? २०२३ च्या एप्रिलमध्ये त्या योजनेचा दर ८.२ टक्के झाला. त्या दराने वर्षाला एक लाख तेवीस हजार. त्यातून भाचीच्या दुकानाचे भाडे भरून पंच्याहत्तर हजार उरतात, आणि मुद्दल शाबूत. शिवाय गाळ्याची घरपट्टी, व्यापारी दराचा वीज मीटर, आणि खाऱ्या वाऱ्याने शटर गंजते ते दर दोन-तीन वर्षांनी रंगवणे, हे खर्च मालकाचे. भावोजी म्हणाले, “पण भाड्याचं ते भाड्याचंच. आपल्या नावाची चार भिंतींची जागा असावी.” या म्हणण्याला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी गावात जागा मागितली की गावकुसाबाहेरचे बोट दाखवले जायचे, त्यांना बाजारपेठेत स्वतःचे शटर असण्याची ओढ वाटणारच.

याच जिल्ह्यात महाड आहे. १९२७ च्या मार्चमधल्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. डिसेंबरच्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. खुद्द बाबासाहेबांनी बडोद्याहून परतल्यावर मुंबईत शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची ही कथा.

त्याच्याही मागे जायचे तर राजपुरीच्या खाडीवर कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तळा तालुक्यात, मांदाडजवळ. सव्वीस लेणी. तिथल्या ब्राह्मी लेखांत दाने देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि ती राजेरजवाड्यांपुरती नाहीत. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, फुलमाळ्याच्या घरातला माणूस आहे, तांडा घेऊन फिरणारा सार्थवाह आहे. या खाडीतून माल जात होता आणि त्या मालावर पोट भरणारे लोक भिक्खूंसाठी डोंगर खोदवून घेत होते. बोर्लीला जाणाऱ्याने एक दिवस राखून कुडे जरूर बघावे. इंदापूरहून तळ्याच्या वाटेने जाता येते. मुलांना न्यावे.

आता कागद. गाळा तीन भावांच्या सामाईक इमारतीत. खाली सहा गाळे, वर दोन खोल्या. मालकाने समोर ठेवला तो ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा. हा उतारा म्हणजे घरपट्टी कोणाच्या नावाने आकारतात त्याची नोंद. मालकी त्याने ठरत नाही. खेड्यात शेकडो व्यवहार या एका कागदावर होतात आणि पुढे दुसरी पिढी कोर्टात जाते. जागा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका मागावी. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून ती द्यायला सुरुवात झाली. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, फेरफार आणि बिगरशेतीचा कागद. सातबारा म्हणून जो कागद त्यांनी आतून आणला त्यावर जमीन शेतीचीच होती आणि इमारत तिच्यावर उभी होती! बिगरशेती परवाना कुठे, म्हटल्यावर “ते होऊन जाईल” असे उत्तर आले.

इमारतीची महारेरात नोंद आहे का, असेही विचारले. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत गाळ्यांच्या बांधकामाला २०१६ च्या त्या कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. बोर्लीसारख्या ठिकाणच्या बहुतेक इमारती याच मापात बसतात. म्हणजे शहरात घर घेताना जे छत्र डोक्यावर असते ते इथे नसते. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल काढणे हाच एक उपाय.

तीन भावांपैकी एक आखातात. दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या, त्यांचे नाव कागदावर नाही आणि सहीचा विषयही नाही. “बहिणींचं काय असतंय?” असे ते गृहस्थ हसून म्हणाले. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. हा वारसा कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे, तेव्हा आपल्या घरातही बहिणीची सही विसरता कामा नये. आखातातल्या भावासाठी कुलमुखत्यारपत्र होते, पण नोंदलेले नव्हते. एकूण बेत असा की पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून पैसे घ्यायचे आणि खरेदीखत “बिगरशेती झाल्यावर” करायचे. नोटरी केलेल्या कागदाने स्थावर मिळकत कोणाच्या नावावर होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. त्याची फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार, आणि मुद्रांक शुल्क निराळे. बाईच्या नावाने घेतले की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत असे ऐकून भावोजी खूश होते, पण ती सवलत राहत्या घराला आहे, गाळ्याला नाही.

दलालाने दुसरीही एक जागा दाखवली. दिवेआगरच्या बाजूला, समुद्राच्या अगदी जवळ, सुरूच्या बनाला लागून. “इथं हॉटेल टाका.” सागरी किनारा नियमन १९९१ पासून आहे. २०१९ च्या अधिसूचनेत गावांचे दोन भाग केले. जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसे राहतात तिथे भरतीच्या रेषेपासून पन्नास मीटरपर्यंत बांधकामाला मनाई. जिथे वस्ती त्याहून विरळ तिथे दोनशे मीटर. विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर भूखंड स्वस्त दिसतो त्याचे एक कारण हे असते. दलाल दोनशे मीटरचा शब्दही काढत नाही.

जिवाला लागली ती गोष्ट पुढेच होती. ग्रॅच्युइटी पुरत नव्हती, म्हणून भावोजींनी महाड तालुक्यातल्या आपल्या गावची वतनाची जमीन काढायचे ठरवले होते. चुलत्यांच्या वाटण्या होऊन यांच्या वाट्याला थोडे गुंठे. गिऱ्हाईक तयार, निम्मे पैसे रोख, बाकी “नजराणा भरल्यावर”. महार वतन म्हणजे काय हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. रात्रंदिवस गावची वेठ आणि त्यापोटी जमिनीचा तुकडा. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कायद्याने वतन गेले ते १९५८ च्या अधिनियमाने, १९५९ पासून. जमिनी पुन्हा वतनदारांच्या नावे झाल्या त्या नवीन शर्तीने, म्हणजे भोगवटादार वर्ग-२. बिगरशेतीसाठी द्यायची तर सरकारची परवानगी आणि नजराणा. हे जोखड आहे असे पुष्कळांना वाटते. मला वाटते त्या अटीमुळेच आजवर थोड्याफार जमिनी आपल्या हातात राहिल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे चाळीस एकर महार वतनाचा व्यवहार राज्यभर गाजला, त्यातही कुलमुखत्यारपत्राचा विषय पुढे आला. गावोगावी असे छोटे मुंढवे किती असतील!

दुसरी एक गोष्ट भावोजींच्या ध्यानात नव्हती. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, कुळकायद्याचे कलम ६३. मुंबईच्या खोलीत राहणारा आपला माणूस शेतकरी ठरतो तो गावच्या सातबाऱ्यावरच्या नावामुळे. शेवटचा तुकडा विकला की शेतकरी असल्याचा दाखला मिळणे मुश्किल. उद्या मुलाने चार गुंठे शेत घ्यायचे म्हटले तर दार बंद. गाळा पुन्हा मिळेल, हा हक्क पुन्हा मिळणार नाही. हे मी भावोजींना फोनवर सांगितले तेव्हा बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग बहिणीने फोन घेतला आणि म्हणाली, “दादा, मी आधीपासून हेच म्हणत होते. जमिनीवर माझ्या सासूबाईंनी भात लावलाय.”

गाळ्याच्या मालकाने बोलता बोलता माझे आडनाव विचारलेच. मी सांगितले. मग गावही विचारले. तेही सांगितले. त्यानंतर चहाचे कप आले, भावही बदलला नाही, त्यामुळे तक्रार करण्यासारखे काही नाही. मात्र जाताना ते म्हणाले की कोपऱ्यावरचा गाळा “दुसऱ्यांना” शब्द दिलेला आहे, मधला घ्या. सकाळी तोच कोपऱ्याचा गाळा त्यांनी मला स्वतः उघडून दाखवला होता.

ते आणखी एक म्हणाले. मुलीला दुकान नाही जमले तरी घाबरू नका, बिअर शॉपीवाला दुप्पट भाडे देऊन गाळा घेईल. पर्यटनाच्या गावात हे खरे आहे, सगळ्यात चोख भाडे तोच देतो. बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. किनाऱ्यावरच्या आपल्या मंडळींशी मांसाच्या व्यापारावर बोलायला बसलो तर संध्याकाळ होईल, ते राहू दे. पण दारूबद्दल आपल्या घरांत दुमत नसावे. माझ्या बहिणीचे सासरे दारूपायी गेले. ती भाड्याची गोष्ट ऐकून तिने एवढेच विचारले, “शटरवर नाव कुणाचं राहील, आपलंच ना?”

शेवटी ठरले ते असे. खरेदी नाही. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, शाळेच्या वाटेवर, एका हाजीसाहेबांचा छोटा गाळा रिकामा होता. त्यांच्याकडे मिळकत पत्रिका होती, विजेचे बिल त्यांच्याच नावाचे. तीन वर्षांचा लेखी करार झाला आणि तो रीतसर नोंदवला, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. दरवर्षी भाडे किती वाढेल तेही लिहून घेतले. नोंदणीचा खर्च दोघांनी अर्धा अर्धा केला. ग्रॅच्युइटीची रक्कम पोस्टात गेली. वतनाच्या गिऱ्हाइकाला नकार कळवला, तो अजून फोन करतो.

आता भाचीची दोन मशीन तिथे आली आहेत. जूनमध्ये गणवेशांचे काम मिळेल असे शाळेतल्या बाई म्हणाल्या आहेत. दुकानावरची पाटी मात्र रंगवायची राहिली आहे. भाचीला ‘रमाई टेलर्स’ हवे, जावयांना मुलीचे नाव हवे, आणि पेंटर दर आठवड्याला विचारून जातो.